मालकी हयातीत सोडू नये: मृत्युपत्र, बक्षीसपत्र आणि घरातील ज्येष्ठांचे हक्क

सातारा-सांगली भागातील एखाद्या मध्यम शेतकरी कुटुंबाची मालमत्ता कागदावर मांडायला घेतली, की ती वाटते त्यापेक्षा बरीच विखुरलेली निघते. दोन-तीन गटांतील जमीन, गावठाणातील घर, कराडला किंवा सांगलीच्या विश्रामबागेत घेतलेली सदनिका, जिल्हा बँकेतील खाते, पतसंस्थांतील ठेवी, साखर कारखान्याचा शेअर, विकास सोसायटीचे सभासदत्व आणि तिचेच पीककर्ज, विम्याची पॉलिसी आणि लॉकरमधील सोने, असे सगळे त्यात असते. यांपैकी प्रत्येक गोष्ट पुढच्या पिढीकडे जाण्याची वाट वेगळी आहे, आणि ती वाट आधी आखून ठेवली नसेल तर कायदा आपल्या पद्धतीने आखतो. या लेखातील माहितीमागे एकच आग्रह आहे, तो आधीच सांगून टाकतो: बहुतेक घरांसाठी मालकी शेवटपर्यंत स्वतःच्या नावे ठेवणे आणि पुढे काय व्हावे हे मृत्युपत्रात लिहून ठेवणे, हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

काहीच लिहून ठेवले नसेल तर

हिंदू, जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 लागू होतो. पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची स्वतःची मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात समान वाटली जाते. आधीच वारलेल्या मुलाचा किंवा मुलीचा हिस्सा त्यांच्या वारसांकडे जातो. या यादीतील आई लोकांच्या हमखास नजरेतून सुटते. मुलगा आईच्या आधी गेला, तर त्याने घेतलेल्या सदनिकेत सुनेइतकाच आणि नातवाइतकाच हिस्सा आईचाही असतो; वडील मात्र या पहिल्या वर्गाच्या, म्हणजे सर्वांआधी हिस्सा मिळणाऱ्या, वारसांत नाहीत.

खरा गुंता वडिलोपार्जित जमिनीत होतो, आणि तो समजून घेण्यासाठी दूर जायला नको. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली निकाली काढलेला आणि आजही देशभर आधाराला घेतला जाणारा एक वाटणीचा दावा मूळचा सांगलीच्या दिवाणी न्यायालयातला आहे. एक गृहस्थ 1960 साली वारले; मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. पत्नीने आपला हिस्सा मागितला. न्यायालयाने असे मानले की मृत्यूच्या क्षणाआधी घरात वाटणी झाली आहे, असे समजून हिशेब करावा. तशी वाटणी झाली असती तर पती, पत्नी आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी एक चतुर्थांश मिळाले असते. त्यानंतर मृत पतीचा एक चतुर्थांश त्याच्या सहा वारसांत वाटायचा, म्हणजे प्रत्येकाला आणखी एक चोविसांश. पत्नीच्या वाट्याला एकूण सात चोविसांश आले, मुलग्यांनाही तेवढेच; आणि मुलींना केवळ एक चोविसांश.

हाच हिशेब आज केला तर निराळा येतो. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क दिला होता, मात्र त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. केंद्राच्या दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून तो फरकही गेला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे वरच्या घरात आज पती, पत्नी आणि पाच मुले असे सात हिस्से पडतील. पतीचा एक सप्तमांश पुन्हा सहा जणांत वाटला जाईल. आणि पत्नी, मुलगे, मुली अशा सहाही जणांना बरोबर एक षष्ठांश मिळेल. याची दुसरी बाजू अशी, की अशा जमिनीबाबत त्या गृहस्थाला मृत्युपत्र करायचे झाले तर ते केवळ स्वतःच्या एक सप्तमांशापुरते करता येईल. ‘जमीन माझ्या नावावर आहे, म्हणून मी ती कोणालाही देईन’ हे म्हणणे स्वकष्टार्जित जमिनीबाबत खरे आणि वडिलोपार्जित जमिनीबाबत अर्धेच खरे असते.

म्हणून कोणताही कागद करण्याआधी सातबाऱ्यावरचे जुने फेरफार क्रमांक पाहून ते फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, काढावेत. जुन्या नोंदींत थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरे सापडतात, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन एकट्याची नसून सगळ्या भावांची आहे, याची ती खूण असते. त्याचप्रमाणे पूर्वी बहिणींची नावे कब्जेदारांच्या रकान्यात न घालता ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकण्याची पद्धत होती. नाव तिथे असले म्हणून हक्क कमी होत नाही. बहिणीला तो सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. साध्या कागदावरील संमती किंवा तलाठ्यापुढील जबाब पुरत नाही. भाऊबीजेच्या ओवाळणीत आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सहीत अंतर आहे, आणि बहिणीला त्या सहीचा अर्थ सही करण्याआधी समजावून सांगणे हे भावाचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्त्रीच्या मालमत्तेचा क्रम वेगळा आहे. विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिची मालमत्ता आधी मुले आणि पती यांच्याकडे जाते. दोन्ही नसतील तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ताही तिच्या आईवडिलांआधी पतीच्या वारसांकडे जाते. केवळ आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत वळते. नोकरी करणाऱ्या, मूल नसलेल्या स्त्रीने मृत्युपत्र करणे म्हणूनच फार निकडीचे आहे.

मुस्लिम कुटुंबांत, उदाहरणार्थ मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या घरांत, मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांश मालमत्तेपुरतीच व्यवस्था करता येते आणि उरलेली शरियतप्रमाणे वारसांत वाटली जाते. ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू आहे.

मृत्युपत्र

मृत्युपत्राभोवती जितके गैरसमज आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या कागदाभोवती असतील. त्याला मुद्रांक लागत नाही. ते साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेले चालते. नोंदणी सक्तीची नाही आणि नोटरीची गरज नाही. कायदा मागतो ते इतकेच: करणारी व्यक्ती सज्ञान आणि शुद्धीवर असावी, तिने सही किंवा अंगठा केलेला असावा, आणि किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहून किंवा ती सही आपलीच असल्याचे तिच्या तोंडून ऐकून तिच्यासमोर सह्या केलेल्या असाव्यात. पुढे वाद झालाच तर या दोघांपैकी हयात असलेल्या एकाला तरी न्यायालयात येऊन सांगावे लागते, आणि मृत्युपत्र नोंदवलेले असले तरी ही अट सुटत नाही. त्यामुळे ऐंशी वर्षांच्या मित्राला साक्षीदार करणे प्रेमाचे असले तरी शहाणपणाचे नाही. आपल्यापेक्षा वयाने लहान, गावात सापडणारा आणि मृत्युपत्रात ज्याला काहीही मिळत नाही असा माणूस निवडावा.

नोंदणी सक्तीची नसली तरी ती करावी, असेच मी सांगेन. दुय्यम निबंधकासमोर छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो, आणि ‘सही बापाची नव्हेच’ हा पहिला आक्षेप तिथेच बराचसा निकामी होतो. मजकूर कोणाला कळू द्यायचा नसेल तर बंद पाकिटातील मृत्युपत्र जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय नोंदणी कायद्यात आहे. वय जास्त असेल किंवा नुकतेच आजारपण होऊन गेले असेल, तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा.

मजकूर लिहिताना मोघमपणा टाळावा. ‘विहिरीकडचे रान थोरल्याला’ असे लिहिलेले घरात सर्वांना कळते, न्यायालयाला कळत नाही. गाव, तालुका, गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा लिहाव्यात. पत्नीसाठी तरतूद करताना ती मालक होणार आहे, की तिला हयातीपर्यंत राहण्याचा आणि उत्पन्न घेण्याचा हक्क आहे आणि तिच्या पश्चात मालमत्ता अमुक व्यक्तीकडे जाणार आहे, हे एका वाक्यात पण निःसंदिग्ध लिहावे. या एका वाक्याच्या संदिग्धतेतून दावे पिढ्यानपिढ्या चालतात. एखाद्या मुलाला किंवा मुलीला कमी द्यायचे असेल तर कारण नोंदवावे, उदाहरणार्थ तिच्या शिक्षणासाठी किंवा त्याच्या सदनिकेसाठी आधीच दिलेली रक्कम. जवळच्या वारसाला कारणाशिवाय वगळलेले आणि ज्याला सर्व मिळते त्यानेच धावपळ करून घडवलेले मृत्युपत्र न्यायालये संशयाने पाहतात. शेवटी ‘याखेरीज माझी जी कोणती मालमत्ता निघेल ती अमुक यांना मिळावी’ असे वाक्य जरूर घालावे, कारण आजोबांच्या नावावर राहिलेला कारखान्याचा शेअर किंवा विसरलेली ठेव नंतरच सापडते. अंमलबजावणीसाठी एक विश्वासू व्यवस्थापक नेमावा.

मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचे तेच खरे. लहानशी सुधारणा पुरवणी मृत्युपत्राने करता येते, पण त्यालाही दोन साक्षीदार लागतातच. प्रोबेट म्हणजे न्यायालयाचे शिक्कामोर्तब. मृत्युपत्र करणारी व्यक्ती आणि मालमत्ता या जिल्ह्यांतली असेल तर ते सक्तीचे नाही. वारसा मिळाला म्हणून करही द्यावा लागत नाही. मृताच्या मालमत्तेवरील कर आपल्याकडे 1985 सालीच रद्द झाला.

नॉमिनीचे नाव म्हणजे मृत्युपत्र नव्हे. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढेच ते नाव ठरवते. ते पैसे अखेर कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये कंपनीच्या शेअर्सबाबतही हेच सांगितले. अपवाद विम्याचा: 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले यांना नॉमिनी केले असेल तर रक्कम सहसा त्यांचीच ठरते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींवर चार नॉमिनी नेमता येतात, त्यांची टक्केवारीही लिहिता येते. मृत्युपत्रात एक आणि नॉमिनीत दुसरेच नाव राहू नये म्हणून दोन्ही कागद एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

बक्षीसपत्राची घाई

‘आपल्या मागे भांडणे नकोत’ म्हणून हयातीतच सगळे मुलांच्या नावे करून देणारे आईवडील पुष्कळ आहेत, आणि शासनाने ते स्वस्तही केले आहे: निवासी घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी वेगळी. परंतु मृत्युपत्र मृत्यूनंतर बोलते आणि तोवर फाडता येते. नोंदणीकृत बक्षीसपत्र त्याच दिवशी मालकी नेते आणि देणाऱ्याच्या मनात आले म्हणून परत येत नाही. मुलाने त्या जमिनीवर कर्ज काढले, मुलाचा संसार मोडला, किंवा मुलगाच आधी वारला आणि आईचा एक वाटा सोडून जमीन सून व नातवंडे यांच्याकडे गेली, तर आईवडिलांच्या हाती फारसे काही उरत नाही.

तरीही बक्षीसपत्र करायचेच असेल, तर त्यात सांभाळाची अट शब्दांत लिहावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, 2007 याच्या कलम 23 नुसार, मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने ती अट पाळली नाही तर हस्तांतर फसवणुकीने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द करू शकते. अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली म्हटले. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावत एका आईला मालमत्ता परत दिली. उदारपणाच्या भरवशावर राहण्यापेक्षा कागदात असे वाक्य असावे: ‘घेणाराने देणारा व त्याची पत्नी यांना हयातभर सदर घरात राहू द्यावे आणि त्यांचे अन्न, वस्त्र व औषधोपचार यांची व्यवस्था करावी, या अटीवर ही मिळकत दिली आहे, अट मोडल्यास हे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा हक्क देणारास राहील.’

मालमत्ता दिलेली असो वा नसो, सांभाळाचा हक्क वेगळा आहे. स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह न होणारे आईवडील, वयाची अट नसताना, आणि 60 वर्षांवरील ज्येष्ठ नागरिक प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात साध्या अर्जाने निर्वाह खर्च मागू शकतात. तशी कार्यालये कराड, वाई, फलटण, मिरज, विटा अशा ठिकाणी आहेत. जबाबदारी मुलग्यांइतकीच मुलींची आणि सज्ञान नातवंडांचीही आहे. सून आणि जावई यांची मात्र ‘मुले’ या व्याख्येत गणना नाही. मूल नसलेल्या ज्येष्ठाला त्याची मालमत्ता पुढे ज्याला मिळणार आहे त्या नातलगाकडे मागणी करता येते. अर्ज नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाली काढायचा असतो, अंतरिम रक्कमही मिळू शकते, आणि कायद्यातील कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. घरून बाहेर पडता येत नसेल तर 14567 या हेल्पलाइनवरून मार्गदर्शन मिळते.

सही करता येईनाशी झाली तर

खानापूर-आटपाडी भागातील गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचे, व्यावसायिक देशभर पसरलेले आहेत, पाटण-जावळीतील माथाडी कामगार मुंबईत आणि नवी मुंबईत. आईवडील गावी आणि मुले दूर, ही इथली जुनीच रीत आहे. अशा घरांत मुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाचा, आधार घेतला जातो. ते उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा ऐन गरजेच्या वेळी उघड होते. देणारा वारला की मुखत्यारपत्र संपते, हे बहुतेकांना ठाऊक असते. देणाऱ्याची विचारशक्ती गेली तरीही ते संपते, हे फार थोड्यांना. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांच्या जुन्या मुखत्यारपत्रावर जमीन विकणे कायद्यात टिकत नाही. अशा वेळी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि बेशुद्धावस्थेतील व्यक्तीसाठी त्याची वाट उच्च न्यायालयापर्यंत जाते. सातारा आणि सांगलीकरांसाठी ते आता 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचमुळे जवळ आले आहे. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे रोजच्या खर्चाचे खाते पती-पत्नीच्या किंवा विश्वासू अपत्याच्या जोडीने, ‘दोघांपैकी कोणीही’ व्यवहार करील अशा सूचनेसह, वेळीच उघडणे.

उपचारांबाबतही लिहून ठेवता येते. बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत केवळ यंत्रांवर जगवू नये, ही इच्छा सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्य केली आणि 2023 साली तिची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर कागद करावा, त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्या नातलगांची नावे घालावीत, आणि एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे द्यावी.

मागे राहिलेल्यांचे काम

मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत गावच्या महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याला, कळवून वारसनोंद करावी; ई-हक्क संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र लागते. बहिणींची नावे गाळून केलेले प्रतिज्ञापत्र खोटे ठरते. वारस नोंदवहीतून फेरफार धरला जातो, नोटीस निघते, आणि मंडल अधिकारी तो मंजूर करतात. चूक झाली तर 60 दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील असते. कित्येक सातबारे पणजोबांच्याच नावाने राहिल्यामुळे शासनाला 2025 साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली. फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकीचा निवाडा नव्हे, हेही ध्यानात असावे. गावठाणातील घराची नोंद ग्रामपंचायतीत आणि शहरातील मिळकतीची नगर भूमापन कार्यालयात वेगळी करावी लागते. ठेवी आणि शेअर्ससाठी नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर दिवाणी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते; वारस कोण हे ठरवून देणारा वारस दाखला मात्र आजही 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. पीककर्जाचा बोजा वारसांकडे येतो, परंतु मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच.

नावे लागल्यावर प्रत्यक्ष वाटणी सर्वांच्या संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली होते. तिथे तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो: या जिल्ह्यांत बागायत 10 गुंठ्यांपेक्षा आणि जिरायत 20 गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. पंधरा गुंठे द्राक्षबाग दोन भावांत तोडता येणार नाही, हे मृत्युपत्र लिहितानाच हिशेबात धरावे. बाग एकाला लिहावी आणि दुसऱ्याला तिच्या किमतीचे दुसरे काही.